चिमाबाईने नाचणी मापली

आबासाहेबांकडून मला निरोप आला आहे की झाले गेले विसरून जावे आणि चिमाबाईचे नाव चारचौघांत काढू नये. निरोप आला त्याच संध्याकाळी मी हे लिहावयास बसलो. ज्या माणसाने भर कचेरीच्या आवारात मला 'कागद काळे करणारा' म्हटले, त्याने कागदाकडून क्षमेची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

मी मूळचा अवसरी बुद्रुकचा. शिक्षण नववीपर्यंत, पुढचे शिक्षण जुन्नरच्या कचेरीच्या भिंतीला लागून, झेरॉक्सच्या टपरीच्या सावलीत टेबल मांडून झाले. अर्ज, हरकती, जबाब, प्रतिज्ञापत्रे यांत माझी हयात गेली. हल्ली शेजारी लॅपटॉप घेऊन बसणारी मुले आली आहेत, पण 'उपरोक्त' हा शब्द कोठे शोभतो आणि कोठे खटकतो हे त्यांच्या यंत्राला कळत नाही. लोक मला 'वकीलसाहेब' म्हणतात. चिमाबाईने मात्र पहिल्या दिवसापासून 'लिवणारं भाऊ' अशीच हाक मारली, आणि तिच्यापुरती मी ती मान्य केली.

ती जुन्नरच्या पश्चिमेकडची, डोंगराच्या पोटातल्या एका वाडीची. वाडीत भात आणि नाचणी यांखेरीज काही पिकत नाही. म्हणून भात झोडून झाले की तिकडची कुटुंबे कामाला खाली उतरतात. चिमाबाई आणि तिचा नवरा भीमा बोरी बुद्रुककडच्या एका मळ्यात उतरली आणि तेथेच खोप घालून राहिली. मळा आबासाहेबांचा. द्राक्षे, कांदा, टोमॅटो, दोन मजली बंगला. आणि बंगल्यात आबासाहेबांच्या पत्नी रोहिणीवहिनी, ज्यांना मूल नव्हते.

चिमाबाई अंगाने लहान होती. टपरीवाला म्हणे, ही बाई उभी आहे की बसली आहे ते लांबून समजत नाही. पण ती कधीही स्टुलावर बसली नाही. टाचांवर उकिडवी बसे, पाठ कचेरीकडे आणि तोंड रस्त्याकडे, कोण येतो-जातो ते पाहत. बोट दाखवण्याऐवजी हनुवटी पुढे करी. दातांना मिश्री आणि बोलणे तोकडे. जणू प्रत्येक शब्द सुपात पाखडून मग बाहेर टाकी.

एकदा मी तिला म्हणालो, "चिमाबाई, राग फार दिवस ठेवू नये, प्रकृतीला वाईट."

ती म्हणाली, "वला ठिवला तर नासतो, भाऊ. आमी वाळवून ठिवतो. पावसाळाभर पुरतो."

डोंगरातली माणसे पावसाळ्यासाठी काय काय वाळवतात हे मी पाहिले आहे. त्यात रागही असतो हे मला तिने सांगितले.

आता मूळ हकिकत. तिची पहिली मुलगी पाचवी पुजायच्या आत गेली. दुसरा मुलगा रांगू लागण्यापूर्वी गेला. तिसऱ्या खेपेला मळ्यातल्या खोपीत मुलगा झाला तेव्हा तिची आई डोंगरातून खाली आली आणि तिने घरची रीत केली. ही रीत आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक आहे. ज्यांच्या नातेवाइकांत एखादा केरबा किंवा दगडू आहे त्यांनी ती पाहिलीही असेल. ज्या घरी मुले जगत नाहीत तेथे नवे मूल सुपात घालून उकिरड्यावर ठेवतात. परक्या घरची बाई येते, उचलते, आणि आई तिच्याकडून धान्य देऊन ते विकत घेते. सटवाईला वाटावे की हे टाकलेले, कोणाचेच नसलेले पोर आहे. याला नेऊन काय करायचे?

उचलण्यासाठी रोहिणीवहिनींना बोलावले. त्या नवे पातळ नेसून आल्या.

म्हातारीने विचारले, "कुणाचं म्हणायचं ओ हे?"

"कुणाचं का असंना," वहिनी म्हणाल्या, "घावलं ते माझं."

सर्वसाधारण रीतीने तेथेच नाचणी देऊन मूल परत घ्यायचे. पण चिमाबाईची दोन गेली होती. म्हातारी म्हणाली, एवढ्यात नको. सटवाई हुशार असते, दोनदा चव घेतलेली आहे. याचा पहिला दात पडला की पायलीभर नाचणी देऊन घे. तोवर तोंडाने 'माझं' म्हणायचे नाही. ज्या दिवशी म्हणशील त्या दिवशी ती ऐकेल. मळ्यातल्या सगळ्या बायामाणसांसमोर हे ठरले. वहिनींनी मान हलवली.

आणि चिमाबाईने हा नियम असा पाळला की त्यापुढे माझ्या ओळखीच्या कोणाचेही व्रत फिके पडावे. मुलाची माहिती घ्यायला नर्सबाई खोपीपर्यंत आल्या. हिच्या मांडीवर मूल, मूल अंगावर पीत आहे.

"आई कोण याची?"

हिने हनुवटीने बंगला दाखवला.

"अगं, मग तू कशी पाजतेस?"

"मालकिणीला दूध न्हाई."

नर्सबाई काय समजल्या कोणास ठाऊक. आबासाहेबांना मात्र जे समजायचे ते चटकन समजले. त्यांनी मुलाच्या जन्माची नोंद स्वतःच्या आणि वहिनींच्या नावावर करून घेतली. कशी, ते त्यांचे त्यांना माहीत, आणि आता ज्यांनी विचारायचे ते विचारीत आहेत.

मूल वाढले. चिमाबाई त्याला केरबा म्हणे. बंगल्यात त्याचे नाव आर्यन. ते दिवसभर बंगल्यात खेळे, पुढे रात्रीही तेथेच झोपू लागले. वहिनींना मम्मी आणि चिमाबाईला चिमामावशी म्हणू लागले. चिमाबाईला त्यात वावगे वाटले नाही. उलट तिला वाटे, सटवाईची फसगत अधिकच पक्की झाली. ती त्याला कोणाच्याही देखत चांगले म्हणत नसे. "काळं, शेंबडं, कुणाचं हाय द्येव जाणं," असे म्हणून नाक पुसी. नारायणगावच्या बाजाराला वहिनी मुलाला तिच्या कडेवर देऊन जीपमध्ये बसवीत, तेव्हा जीपवाला माणसे दाटताना ओरडे, "कुणाचं पोरगं हे? मांडीवर घ्या." आणि ही दर खेपेला म्हणे, "मालकिणीचं." म्हणायची आणि मांडीवर घ्यायची.

मग मुलाचा खालचा दात हलू लागला.

दात पडला तो बंगल्यातच, पण मुलाने धावत येऊन मावशीला दाखवला. चिमाबाईने कोणाला काही सांगितले नाही. ती डोंगरात गेली, आईच्या कणगीतली नाचणी आणली, निवडली, धुतली, वाळवली, आणि पायलीचे माप घेऊन बंगल्याच्या पायरीशी जाऊन बसली.

"वयनी, दात पडला. नाचणी आणलीय."

रोहिणीवहिनी दारात आल्या. त्यांच्या मागे मुलगा होता.

"कसली नाचणी?"

"पोराची."

"कुणाच्या पोराची?" वहिनी म्हणाल्या. "चिमे, तूच सांगत आलीस ना गावाला? मालकिणीचं हाय म्हणून? मग आता काय झालं?"

आबासाहेब आतून म्हणाले, "तिला भाकरी द्या आणि कामाला लावा. ऊन लागलंय."

एवढेच घडले. आरडाओरडा नाही, मारझोड नाही. पाच-साडेपाच वर्षे एका बाईने काळाला फसवण्यासाठी जे सांगितले, तेच तिच्या तोंडावर फेकून मारले, आणि जाळीचे दार लावून घेतले.

खोपीत भीमा होता. मालकाच्या शब्दाबाहेर जाणे त्याला कधी जमले नाही. तो म्हणाला, "जाऊ दे. चांगलं खातंय, चांगल्या शाळंत जातंय. आपल्याला दुसरं व्हईल."

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा तिने त्याच्यापुढे रिकामे ताट ठेवले.

"भाकर?"

"जाऊ द्या," चिमाबाई म्हणाली. "दुसरी व्हईल."

पुढचे कित्येक दिवस त्याने स्वतःच्या हाताने भाकरी थापली. हे मला भीमानेच सांगितले, आणि सांगताना तो तिला घाबरल्यासारखा इकडेतिकडे बघत होता.

ती आधी पोलीस ठाण्यात गेली. ठाणे अंमलदाराने विचारले, "पोरगं तुझं आहे का?" ती गप्प. "अगं, तुझं असेल तर तक्रार घेतो; सांग, तुझं आहे?" ती गप्पच. त्याने तिला परत पाठवले आणि त्यात त्याचा दोष मी मानीत नाही. नाचणी अजून घेतली गेली नव्हती. 'माझं' म्हणावे तर सटवाई ऐकणार. न म्हणावे तर सरकार ऐकणार नाही. अशा पेचात सापडलेली बाई माझ्या टेबलाशी आली.

मी तीस वर्षे अर्ज लिहितो आहे. बांध कोरल्याचे, रेशनकार्ड फाटल्याचे, भावाने भावाला मेला म्हणून नोंदवल्याचे. पण 'माझा मुलगा मला मिळावा' या अर्जात 'माझा मुलगा' हे दोन शब्द येता कामा नयेत, अशी अट घालणारी ती पहिलीच.

"मग लिहू काय?" मी विचारले.

"त्यांचं न्हाई, येवढं लिवा."

"तुमचे मुलाशी नाते काय, हे सांगावे लागते."

ती म्हणाली, "ज्या उकिरड्यावरनं उचललं, तो उकिरडा मीच झाडते. लिवा तसं."

मी तसेच लिहिले. 'अर्जदार ही सदर बालक ज्या ठिकाणाहून उचलण्यात आले त्या ठिकाणची झाडलोट करणारी असून', हे वाक्य पुण्याच्या बालकल्याण समितीच्या फाईलमध्ये आजही आहे. पुढे मी लिहिले की, सदर बालक सामनेवाल्यांच्या पोटी जन्मलेले नाही. त्यांनी ते कायद्याने दत्तकही घेतलेले नाही. तर मग ते त्यांच्याकडे आले कोठून, एवढेच शासनाने शोधावे, आणि ज्याचे असेल त्याला द्यावे. मूल कोणाचे हे आम्ही सांगत नाही, शासनानेच सांगावे. असा अर्ज कोणा वकिलालाही सुचला नसता, हे मी नम्रपणे नमूद करतो.

तिने सगळा अर्ज मोठ्याने वाचून घेतला. 'माझा' हा शब्द कोठे निसटून आला नाही ना, याकडे तिचे कान होते. मग अंगठा उठवला आणि बोटाची शाई कचेरीच्या भिंतीला पुसली. तो ठसा पुष्कळ दिवस होता.

अर्ज गेला, चौकशी सुरू झाली. आबासाहेबांनी मळ्यातल्या बायांना साक्षीला उभे केले. त्यांनी खरे तेच सांगितले: चिमानेच उकिरड्यावर ठेवले, वहिनींनीच उचलले, चिमा आजवर मालकिणीचेच म्हणत आली. खऱ्या साक्षीने माणूस कसा बुडतो हे मी त्या कागदांत पाहिले. चिमाबाईला मळ्यातून काढले. ती नारायणगावात मजुरांच्या वस्तीत राहू लागली आणि टोमॅटोच्या बाजारात क्रेट भरू लागली. भीमा तिच्यामागे गेला. तोवर त्याला भाकरी मिळू लागली होती, अर्धी.

तारखा लांबत गेल्या त्या काळात तिने जे केले त्याचा उल्लेख समितीच्या कागदांत नाही, म्हणून तो येथे करतो. नारायणगावात शांतिलालशेठचे किराणा दुकान आहे. माणूस दोन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेल्या घराण्यातला, बोलणे आपल्यापेक्षा शुद्ध. बाजाराच्या दिवशी रोहिणीवहिनी तेथे यादी घेऊन उभ्या असत. एका बाजाराला चिमाबाई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली,

"शेठ, डिंक हाय का? आन आळीव? चांगलं बघून द्या."

"कोण बाळंत झालं, चिमाबाई?"

"आमच्या मालकीणबाई. पोरगं शाळंत जातंय, पर कंबर अजून भरली न्हाई."

दुकानात बायका होत्या. कोणीतरी तोंडाला पदर लावला. चिमाबाई वहिनींकडे वळली आणि अगदी आपुलकीने विचारू लागली, "वयनी, कळा कुठल्या अंगानं सुरू झाल्या व्हत्या ओ? पाठीतनं का वटीपोटातनं? सुईण कोण व्हती? मला इचारत्यात लोकं, मी काय सांगू?"

शांतिलालशेठ डिंक तोलता तोलता थांबले. वहिनी यादी तेथेच टाकून गाडीकडे गेल्या. पुढच्या बाजारी चिमाबाईने आळिवाचे लाडू करून फडक्यात बांधून आणले आणि त्यांच्या गाडीच्या काचेवर टकटक करून म्हणाली, "खावा, दूध येतं." तिसऱ्या बाजारी वहिनी आल्या नाहीत. त्यांनी बाजारच सोडला. शेठचे सामान नोकराबरोबर जाऊ लागले. तरी चिमाबाई नोकराच्या पिशवीत डिंकाची पुडी टाकीच.

मी म्हणालो, "याने खटल्याला अपाय होईल."

"खटला तुमचा," ती म्हणाली. "बाजार माजा."

अखेर रक्ततपासणीचा आदेश झाला. आबासाहेब, वहिनी, चिमाबाई, भीमा आणि मूल. वहिनींची प्रकृती त्या दिवशी बिघडली; पुढच्या तारखेलाही बिघडली; मग समितीनेच समज दिली तेव्हा सुधारली. चिमाबाईने मात्र दंडावरचे चोळीचे हात वर सरकवून सुईपुढे हात केला.

"घ्या, हवं तेवढं घ्या," ती म्हणाली. "मी बोलले न्हाई. रगत बोलंल ते बोलू द्या."

रक्त बोलले. मूल आबासाहेबांचे नव्हते, वहिनींचे नव्हते. चिमाबाईचे आणि भीमाचे होते. समितीच्या बाई वयस्क होत्या, शांत होत्या. त्यांनी निकाल वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "चिमाबाई, तुमचं मूल तुम्हाला मिळालं. आनंद नाही झाला?"

"अजून न्हाई मिळालं," चिमाबाई म्हणाली.

"आदेश झाला की."

"आदेस झाला. नाचणी न्हाई झाली."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी उभा राहून विनंती केली की मुलाचे सामान, शाळेचे दप्तर सगळे मळ्यात आहे. ताबा तेथेच, समितीच्या कर्मचारीबाईंच्या उपस्थितीत दिला तर मुलालाही सोपे जाईल. बाईंनी ते मानले. उकिरडा हा शब्द मी वापरला नाही. समितीपुढे कोणता शब्द वापरू नये हे मला कळते.

पण मूल द्यावे लागणार हे आदेशात होते. नाचणी घ्यावी लागणार हे नव्हते. वहिनींनी मूल पायरीवरून पुढे ढकलले आणि दार लावून घेतले, तर चिमाबाईच्या लेखी ते मूल जन्मभर उकिरड्यावरच राहणार होते. तेव्हा तिने मला दुसरा अर्ज लिहावयास सांगितला: जन्माची खोटी नोंद करून मूल बळकावल्याची तक्रार. ही वेगळी द्यावी लागते. मी ती लिहिली. माझ्या आयुष्यात इतक्या सुवाच्य अक्षरात मी दुसरे काही लिहिलेले नाही. अंगठ्याची जागा तेवढी कोरी ठेवली आणि बातमी आबासाहेबांच्या कानावर जाईल अशी व्यवस्था केली.

दुसऱ्याच दिवशी ते आले. माझ्याकडे येणाऱ्यांसाठी एक स्टूल असते; त्या दिवशी मी त्यावर माझी पिशवी ठेवली होती. आबासाहेब उभे राहिले. चिमाबाई नेहमीसारखी टाचांवर बसलेली.

"चिमे, माणसात ये," ते म्हणाले. "पोर देतोय ना? आमच्या अन्नावर वाढलात तुम्ही."

"अन्नावर न्हाई, तुमच्या कांद्यावर. काढून काढून बोटं फुटली."

"काय पायजे तुला?"

"वयनींनी उकिरड्यावर यायचं. समद्या म्होरं नाचणी घ्यायची. पदरात. आन तोंडानं म्हणायचं."

"आणि नाय आली तर?"

तिने हनुवटीने माझ्या टेबलावरचा कागद दाखवला.

आबासाहेबांनी कागद वाचला. माझे अक्षर त्यांनी प्रथमच एवढे लक्षपूर्वक वाचले असेल. म्हणाले, "ती आली, तर यावर अंगठा देणार नाहीस?"

"न्हाई देणार."

"शब्द?"

"सबूद."

ते निघाले तेव्हा मी म्हणालो, "आबासाहेब, कागद काळा झाला आहे, जपून जा." ते ऐकले नाही असे त्यांनी दाखवले.

ताब्याच्या दिवशी सकाळी मळ्यातल्या बाया, ज्यांनी साक्ष दिली होती त्याच, उकिरड्याभोवती उभ्या होत्या. कर्मचारीबाई मुलाचे दप्तर धरून होत्या. रोहिणीवहिनी आल्या. बाजारात दिसत त्याच्या निम्म्या झाल्या होत्या. मूल त्यांच्या निऱ्या दोन्ही मुठींत धरून उभे होते. त्यांचे रडणे खोटे होते असे मी म्हणणार नाही; परंतु रडणे खरे असले म्हणून पोर आपले होत नाही.

चिमाबाईने रिकामे सूप उकिरड्यावर ठेवले.

"पदर धरा."

वहिनींनी पदर धरला. चिमाबाईने पायली भरली, तळहाताने माथा सपाट केला, खाली सांडलेले दाणेसुद्धा वेचून परत मापात टाकले. मग सावकाश ओतली. नाचणीचा आवाज फार बारीक असतो, पण त्या वेळी तो सगळ्यांना ऐकू आला.

"म्हणा."

"काय म्हणू?" वहिनींनी विचारले.

"उचलताना काय म्हनला व्हता? आता देतानाचं म्हणा."

"घे," वहिनी म्हणाल्या. "तुझं तुला."

"सटवाईला आयकू ग्येलं न्हाई."

"तुझं तुला!" वहिनी ओरडल्या, आणि पदरातली निम्मी नाचणी पायांवर सांडली.

"आता ठिवा त्याला सुपात."

कर्मचारीबाई मुलाचा हात सोडवायला पुढे झाल्या. चिमाबाईने त्यांना अडवले. "तुमी नगा. मीबी वढणार न्हाई. ज्यांनी उचललं त्यांनीच ठिवायचं."

आणि रोहिणीवहिनींना स्वतःच्या साडीतून त्या मुलाची बोटे स्वतःच, एकेक करून सोडवावी लागली. मुलगा 'मम्मी, मम्मी' करीत होता. चिमाबाईची मान एकदाही वळली नाही. वहिनींनी त्याला उचलून त्या सुपात, त्या शेणाकचऱ्याच्या ढिगावर उभे केले, तेव्हा कोठे ती पुढे झाली आणि तिने त्याला घेतले. साक्षीदार बायांपैकी एक मोठ्याने रडू लागली, तिला चिमाबाई म्हणाली, "गप. तुजी साक्ष झाली."

यापुढे ती मला एकदाच दिसली.

दोन-चार दिवसांनी सकाळी कचेरी उघडायच्या सुमारास ती आली. मुलगा बरोबर होता, पायात शाळेचे बूट, डोळे सुजलेले, तोंड तिच्यापासून फिरवलेले. डोंगरात परत निघाले आहेत, असे म्हणाली. भीमा सामान घेऊन जीपशी थांबला होता. मला वाटले, निरोप घ्यायला आली.

ती टाचांवर बसली. "त्यो दुसरा कागूद काढा."

मी कागद काढला. तो मी फाडलेला नव्हता; का, ते मला कोणी विचारू नये. "चिमाबाई," मी म्हणालो, "तुम्ही शब्द दिला होता."

"कुणाला?"

"आबासाहेबांना. याच टेबलापाशी."

तिने मिश्रीची पिंक टाकली. "भाऊ, तवा मी कोण व्हते? तुमीच लिवलंय. उकिरडा झाडणारी. सबूद तिनं दिला. मी याची आई. मी कुठं कुणाला सबूद दिलाय?"

या युक्तिवादास उत्तर कोणत्याही कायद्यात असेल असे मला वाटत नाही. मी शाईचा पॅड उघडून तिच्यापुढे सरकवला. तिने अंगठा असा दाबला की ठसा कागदाच्या पाठीमागे उमटला. मग शाई भिंतीला न पुसता स्वतःच्या पदराला पुसली, मुलाचा हात धरला आणि रस्ता ओलांडला.

जीप भरत आली होती. भीमा मागच्या फळीवर गाठोडी घेऊन बसला होता. मुलगा चढेना, लोखंडी दांडा धरून रडत उभा राहिला. जीपवाल्याने मागे वळून नेहमीची आरोळी दिली, "अवो, कुणाचं पोरगं हे? मांडीवर घ्या!"

तिने ते पोर दांड्यावरून तोडून काढल्यासारखे उचलले आणि मांडीवर आपटल्यासारखे बसवले.

"माजं!" ती ओरडली, इतक्या मोठ्याने की टपरीवाल्याने यंत्र थांबवले. "माजं हाय, माजं! डोळं फुटलं का तुजं?"

"बरं बाई, तुजं तर तुजं," जीपवाला म्हणाला आणि त्याने गाडी काढली.